अंतर भागिले वेग: विमानाचं गणित कुठे अडतं?

मित्रांनो, हातात आलेला आकडा नेमकं काय मोजतो, हे सूत्र लावण्याआधी विचारायची सवय लावा. आपल्या चिकलठाणा विमानतळाचंच उदाहरण घेऊ.

दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीची सरासरी त्रिज्या (६३७१ किमी) हॅव्हर्साइन सूत्रात टाकली, की गोलावरचं सर्वात कमी अंतर मिळतं. इथून मुंबई सुमारे २८० किमी, दिल्ली सुमारे ९८० किमी. जेटचा वेग ताशी ८०० किमी धरला तर मुंबईला २१ मिनिटं, दिल्लीला ७४.

आता वेळापत्रक बघा. मुंबईला तासाभराहून थोडं जास्त, दिल्लीला दोन तासांच्या आसपास. अंतर साडेतीन पट, पण जादा वेळ दोन्हीकडे साधारण ४०-४५ मिनिटंच. असं का?

कारण ती छापलेली वेळ 'ब्लॉक टाइम' असते: विमान जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडे उभं राहीपर्यंत. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरण्यासाठी रांगेत थांबणं, सगळं त्यात आलं. हा वेळ अंतराबरोबर फारसा वाढत नाही. म्हणजेच:

वेळ = स्थिरांक + अंतर ÷ वेग

स्थिरांक विसरलात, तर मुंबईचं विमान 'हळू' आहे असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

पण लगेच खूश होऊ नका. दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते! हैदराबादचा तिसरा बिंदू घेऊन बघा. तिथे टर्बोप्रॉप विमान असेल तर वेगच बदलतो. मग मॉडेलमध्ये काय बदलाल?