पडद्यावरची नावे, कोशातली शिस्त

सिनेमाचा विषय निघाला की घरातल्या तीन पिढ्या एकत्र येतात. पण ‘श्यामची आई’ म्हटले की आजीच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटातल्या वनमालाबाई, तर नातवाने पाहिलेला असतो सुजय डहाके यांचा २०२३ चा चित्रपट. दोघेही खरेच सांगतात, तरी दोघांचे जुळत नाही! घरात हे हसण्यावारी नेता येते. पण शेकडो अनोळखी माणसांनी मिळून चित्रपटांचा कोश करायचा म्हटले तर?

विकिपीडियावर आज नेमके हेच चालले आहे. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात पारशिवनीतला शिक्षक लिहू शकतो आणि पुण्यातला संशोधकही. मग अशा नोंदीवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या बळावर? लिहिणाऱ्याच्या नावलौकिकावर नव्हे, तर सर्वांनी पाळलेल्या नियमांवर.

कोशकार्य नागपूरकरांना नवे नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ज्ञानकोश मंडळ स्थापन केले ते नागपुरातच. पुढे त्यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड झाले. तिथे अनेक लेखकांवर नजर ठेवणारा संपादक होता. इथे प्रत्येक लिहिणाऱ्यालाच संपादकाचा चष्मा चढवावा लागतो.

नाव आणि तारीख

पहिला नियम नावाचा. साने गुरुजींचे पुस्तक वेगळे, १९५३ चा चित्रपट वेगळा, २०२३ चा वेगळा. म्हणून शीर्षकापुढे कंसात ‘चित्रपट’ आणि साल हवे. माणसांचेही तसेच. मास्टर विनायक म्हणजेच विनायक दामोदर कर्नाटकी, हे ठाऊक नसलेल्याने दोन नोंदी केल्या, तर एका कलावंताची कारकीर्द दोघांत वाटली जाते.

तारखेचीही तीच गत. ‘राजा हरिश्चंद्र’ निमंत्रितांनी पाहिला २१ एप्रिल १९१३ रोजी, ऑलिंपियात. सर्वसामान्य प्रेक्षकांनी ३ मे रोजी, कॉरोनेशनमध्ये. दोन्ही तारखा खऱ्या आहेत. कोणती कशाची, एवढे लिहिले की वाद मिटतो.

चित्राचे नाजूक प्रकरण

शब्द चुकला तर खोडता येतो. चेहरा एकदा मनात ठसला की पुसत नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले आणि कित्येक प्रेक्षकांच्या मनात तुकोबांना तोच चेहरा मिळाला. भक्तीला ते शोभते. कोशात मात्र चित्राखाली ‘तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस’ असेच हवे.

‘राजा हरिश्चंद्र’चे पाहा. त्याची म्हणून जतन झालेली रिळे १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे त्यातले दृश्य छापताना चित्र कुठून घेतले, हे सांगणे भागच आहे. दोन्ही ‘श्यामची आई’ तर कृष्णधवल! तिथे साल न लिहिलेले छायाचित्र वाचकाला फसवणारच.

शिवाय प्रश्न हक्काचा. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून ‘सापडले आणि डकवले’ चालत नाही; चित्र कोणाचे, कोणत्या सालचे, वापरायची मुभा कशी, हे सोबत नोंदवावे लागते.

वाचकहो, हे नियम घरबसल्या पाळता येतात. चित्रपटगृहाबाहेर पूर्वी विकत मिळायची ती गाण्यांची पुस्तिका कोणाच्या ट्रंकेत अजून असेल. तिच्यावर कलाकारांची नावे असतात, कधी छापखान्याचेही. अशा पुस्तिकेचे छायाचित्र घ्याल तेव्हा कडा कापू नका, रंग चढवू नका, नावे छापली आहेत तशीच उतरवून घ्या. मग पारशिवनीतली नोंद मुंबईतल्या नोंदीइतकीच भरवशाची ठरते.

‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाली ती बाई नव्हे, अण्णा साळुंके नावाचा पुरुष. उपाहारगृहात काम करणाऱ्या या माणसाला आज आपण ओळखतो, कारण कोणीतरी भूमिकेपुढे त्याचे नाव नीट लिहून ठेवले. असे किती साळुंके नोंदीवाचून हरवले असतील!