रिकाम्या हातांचे नऊ दिवस

"तिथे आपलं कोण आहे?" सासूबाईंनी फोनवर विचारलं.

"कोणीच नाही," मी म्हटलं.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "अगं, मग जातेस कशाला?"

खरं सांगते मैत्रिणींनो, त्या वेळी माझ्याकडेही उत्तर नव्हतं. लग्नाला तेवीस वर्षं झाली. या तेवीस वर्षांत मी प्रवास केला नाही असं नाही. लग्नकार्यं झाली, बाळंतपणं झाली, दवाखाने झाले, महिला मेळावे, शिबिरं झाली. दर वेळी मी कोणासाठी तरी जात होते. कारण नसताना, एकटीनं, स्वतःच्या पैशानं कुठे जाणं हे माझ्या तरी घरात कधी घडलं नव्हतं.

त्याचं असं झालं. 2023 च्या फेब्रुवारीत मी भाचीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेले. बहिणीचे गुडघे दुखतात, त्यामुळे मावशीची नेमणूक! दीड महिना डिंकाचे लाडू, बाळाचं न्हाणं, बाळंतिणीचा शेक असं सगळं केलं. मार्चच्या मध्याला पुण्याहून तिच्या सासूबाई आल्या. बाई अगदी चांगल्या, पण एका स्वयंपाकघरात दोन सुगरणी किती दिवस नांदणार? माझं परतीचं तिकीट एप्रिलचं होतं. शेवटी जावईबापूच म्हणाले, "मावशी, तुम्ही जरा फिरून या ना कुठेतरी."

"कुठे जायला आवडेल?" भाचीनं विचारलं.

"जिथे थंडी नाही आणि कोणाचा स्वयंपाक करायचा नाही, तिथे," मी गमतीनं म्हटलं. तिनं ते गंभीरपणे घेतलं.

निवड झाली टोबॅगोची. कॅरिबियन समुद्रातलं त्रिनिदादचं हे धाकटं भावंड. कारणं तीन. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी तिथे व्हिसा लागत नव्हता. भाषा इंग्रजी. आणि तिसरं कारण माझ्या बाबांचं. आमचं माहेर मालवणजवळचं. बाबा रेडिओवेडे. मार्च 1971 मध्ये त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनला आपण वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं, वाडेकर कप्तान होते आणि गावसकरांची ती पहिलीच कसोटी होती, ही कथा आम्ही देवाच्या आरतीसारखी ऐकत वाढलो. त्यामुळे 'पोर्ट ऑफ स्पेन' हे नाव मला मुंबईच्या आधी पाठ झालं होतं.

प्रश्न पैशांचा. दहावीच्या शिकवण्या घेऊन मी पोस्टात थोडे थोडे टाकत आले होते. विमानाचं तिकीट धरून नव्वद हजारांत सगळं बसवायचं ठरवलं. बसवलंही. पण आकडा कागदावर लिहिला आणि लगेच मनात आलं, आमच्या बचत गटात इतक्या पैशांत आठ-दहा जणींना शिलाई मशीन आलं असतं. तो हिशेब माझ्यासोबत विमानातही बसला.

ह्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "पैसे पुरतील ना?" थोड्या वेळानं म्हणाले, "मी नाही म्हणणार नाही. पण लोक विचारतील." आणि मालवणहून आई, "थंय नुसता बसान काय करतलंस?"

डबल्स, बोट आणि बंद पडलेलं कार्ड

न्यूयॉर्कहून पाच तासांत पोर्ट ऑफ स्पेन. सकाळी रस्त्याकडेला एका गाडीवर लोकांची झुंबड दिसली. 'डबल्स' म्हणतात त्याला. हळद घातलेल्या मऊ तळलेल्या दोन पुऱ्या, त्यांना 'बारा' म्हणायचं, मध्ये रसदार 'चना', वर काकडी, चिंचेची चटणी आणि तिखट. हे सगळं कागदात. उभ्यानं खायचं आणि निघायचं. पहिल्या घासालाच मला हसू आलं. इतक्या लांब येऊन छोलेच!

30 मे 1845 ला 'फातेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून करारबद्ध मजुरांना घेऊन इथे लागलं. 1917 पर्यंत ही भरती चालू होती, एक लाख चाळीस हजारांहून जास्त माणसं उसाच्या मळ्यांवर आणली गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारची. त्यातल्या बायकांनी काय काय सोसलं असेल! त्यांनी सोबत आणलेलं टिकलं ते मुख्यतः स्वयंपाकघरात. दालपुरी, चोखा, आलू, भाजी हे शब्द तिथे सगळ्यांच्याच तोंडी आहेत, आफ्रिकन वंशाच्या लोकांच्याही.

टोबॅगोला विमान वीस-पंचवीस मिनिटांत जातं, पण बोट स्वस्त. म्हणून बोट. समुद्र चांगलाच उसळला होता. साडेतीन तास मी डोळे मिटून रामरक्षा म्हटली. स्कारबरोला उतरले आणि पैसे काढायला गेले, तर मशीननं कार्डच नाकारलं. दोनदा, तीनदा. पर्समध्ये मोजून पैसे. खोलीचं भाडं आधी भरलं होतं म्हणून बरं! रडू आवरून बस स्टँडवर गेले. तिथे बसचं तिकीट आधी काढून ठेवावं लागतं, गाडीत मिळत नाही. तेही एका शाळकरी मुलीनं सांगितलं म्हणून कळलं.

घाटातून वळणं घेत बस कस्टारा गावात आली. गाव कसलं, मुठीएवढी वस्ती. डोंगर थेट समुद्रात उतरलेला, खाली अर्धगोल वाळू, होड्या, जाळी, पाण्यावर झेपावणारे पेलिकन. मागे पाऊसवन. त्या बेटाच्या कण्यावरचं जंगल 1776 मध्ये कायद्यानं राखीव केलं गेलं, कारण झाडं गेली तर पाऊस जाईल हे तेव्हाच्या लोकांना पटवून देणारं कोणीतरी होतं. आपल्याकडे अजून पटवावं लागतंय!

"सुट्टीवर आलीस की कामाला?"

खोली चढावर होती. छोटा व्हरांडा, एक झोळी, दोन बर्नरची शेगडी. घरमालकीण साठीच्या पुढची, सगळं गाव तिला 'टँटी' म्हणतं. म्हणजे मावशी, काकू, आत्या सगळं एकात.

पहिल्या दिवशी मी काय केलं माहीत आहे? व्हरांडा झाडला. पडदे झटकले. शेगडी घासली. भाडेकरूंनी सोडून दिलेले मसाल्याचे डबे धुऊन वाळत घातले. दहा वाजले, कामं संपली, आणि मला अक्षरशः घाबरल्यासारखं झालं. आता काय? घड्याळ बघितलं. भारतात संध्याकाळ. ह्यांनी चहा घेतला असेल का? गॅस संपला असेल का? फोन केला तर हे म्हणाले, "सगळं ठीक आहे, ठेव आता." मैत्रिणींनो, त्या 'ठीक आहे'नं मला आनंद व्हायला हवा होता. पण मला वाईट वाटलं.

टँटी खालून बघत होती. म्हणाली, "तू सुट्टीवर आलीस की कामाला?" आणि मला हाताला धरून रस्त्याकडेच्या बाकावर नेऊन बसवलं. "बस. आपण लाइम करू."

'लाइम' हा तिथला खास शब्द. लिंबाशी संबंध नाही. लाइम करणं म्हणजे चार माणसांनी काही न करता एकत्र असणं. गप्पा झाल्या तर झाल्या. येणारा-जाणारा अभिवादन करणारच, न करणं उद्धटपणा. आणि गंमत म्हणजे अंधार पडल्यावर भेटलं की 'गुड नाइट' म्हणायचं, निरोप म्हणून नव्हे, आल्या आल्या! पहिल्या दिवशी मला वाटलं, आल्याबरोबर घालवताहेत की काय.

मी त्या बाकावर बसले खरी, पण हात कुठे ठेवावे ते कळेना. तेव्हा लख्ख जाणवलं. आपल्याकडे पारावर पुरुष नुसते बसतात. बायका बसतात तेव्हा हातात काहीतरी असतंच. शेंगा फोडायच्या, भाजी निवडायची, वाती वळायच्या, स्वेटर विणायचा. ओटीवर माझी आई कधी रिकाम्या हातानं बसलेली मला आठवत नाही. आमच्या गटाच्या बैठकीतही बायका लसूण सोलत येतात आणि मीच कौतुकानं म्हणते, "वेळेचा कसा उपयोग करतात बघा!" विसाव्यालाही आपण कामाची परवानगी लागावी तसं वागतो.

टँटीच्या आयुष्यात कष्ट नव्हते असं मुळीच नाही. चार मुलं, नवरा लवकर गेलेला. गावातल्या बायका ठरलेल्या दिवशी किनाऱ्यामागच्या मातीच्या भट्टीत लाकडं पेटवून पाव भाजतात, त्यात तीही. धुरानं डोळे लाल, कपाळाला पीठ. पण पाव निघाले की पदर खोचून दुसऱ्या कामाला धावणं नाही. बाकावर येऊन बसायची, हात मांडीवर उताणे. "सकाळभर ते माझ्यासाठी राबले," ती हातांकडे बघून म्हणाली, "आता त्यांचा वेळ."

पैशांची तंगी होतीच. कोपऱ्यावरच्या दुकानात तांदूळ, मसूर, नारळ घेतला तेव्हा सगळी हकिगत सांगितली. दुकानदारीण म्हणाली, "मी तुला ट्रस्ट करते." मला वाटलं, विश्वास ठेवतेय. नंतर कळलं, तिथे उधारीलाच 'ट्रस्ट' म्हणतात! वहीत माझं नाव लिहिलं गेलं. चौथ्या दिवशी भाचीनं पैसे पाठवायची सोय केली तेव्हा मी पहिल्यांदा ती वही चुकती केली. आणि त्या आनंदात टोबॅगोचा मानाचा पदार्थ मागवला, खेकड्याची करी आणि कणकेचे जाड गोळे. नारळाच्या दुधात शिजलेल्या कुर्ल्या! आईची आठवण आली, पण दोघींच्या मसाल्यात फरक आहे हं, आईचा वरचढ.

गुडघ्याच्या वर

सहाव्या दिवशी सकाळी शंखाचा आवाज आला आणि माणसं वाळूवर धावली. होडीनं जाळं अर्धवर्तुळात टाकलं होतं, दोन्ही टोकं किनाऱ्यावर. बाप रे, ही तर आमची रापण! मालवणला लहानपणी हेच बघितलं. मात्र तिथे मी बघे. इथे एका म्हाताऱ्या मच्छिमारानं दोर माझ्या हातात दिला. पाऊण तास ओढला. तळहात सोलले. वाट्याला चार मासे आले. मी इंडियातली, गावसकरांच्या मुंबईच्या बाजूची, असं सांगितल्यावर म्हातारा खुश. 1971 च्या त्या मालिकेवर तिथल्या लॉर्ड रिलेटर या गायकानं गावसकरांचं कौतुक करणारं कॅलिप्सो गाणं रचलं होतं, ते त्याला तोंडपाठ. हरलेल्या संघाच्या देशानं जिंकणाऱ्यावर गाणं करावं! बाबांना फोन लावून ऐकवलं. ते काही बोलेचनात.

दोर ओढताना पाणी कमरेपर्यंत आलं होतं. ते मला नंतर लक्षात आलं. समुद्राकाठी जन्मलेली मी, पण 'गुडघ्याच्या वर जाऊ नको' हे वाक्य इतकं मुरलं होतं की आयुष्यात कधी समुद्रात भिजले नव्हते. भावांना मात्र पोहायला कोणी शिकवलंही नव्हतं, ते आपोआप शिकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सलवार-कुडता घालून पाण्यात गेले. टँटी काठावर उभी. खांद्यापर्यंत पाणी आलं आणि पाय सुटले, क्षणभर. घाबरले, नाकातोंडात पाणी गेलं. मग तिनं सांगितल्याप्रमाणे मान मागे टाकली, हात पसरले, आणि तरंगले. मोजून दहा-बारा सेकंद असतील. हातात काही नव्हतं. वर आभाळ. हुंदका कशाचा आला ते अजून सांगता येणार नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडंसं

जानेवारी ते मे कोरडा काळ. भाड्याच्या गाडीच्या नंबरात आधी 'एच' असतो, तो बघूनच बसावं. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये गुन्ह्यांचा प्रश्न गंभीर आहे, 2024 च्या अखेरीस देशात आणीबाणीही लावली गेली होती. मी अंधारात तिथे पायी फिरले नाही. निघण्याआधी ताजी परिस्थिती आणि व्हिसाचे नियम तपासा. त्रिनिदादमुळे भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखला मागू शकतात, तोही बघा. आणि थोडी रोकड वेगळ्या पिशवीत ठेवाच!

आणि परत आल्यावर

गटाच्या बैठकीत फोटो दाखवले. एक जण म्हणाली, "ताई, तेवढे दिवस तुमचं काम कोणी केलं?" मी म्हटलं, "थोडं ह्यांनी केलं. थोडं कोणीच केलं नाही." सगळ्या हसल्या, पण ती हसली नाही. ती विचार करत होती.

शिलाई मशीनचा हिशेब माझा अजून सुटलेला नाही. कदाचित सुटणारही नाही. पण आता दर मंगळवारी पहिली पंधरा मिनिटं आम्ही नुसत्या बसतो. लसूण, शेंगा, वाती घरी ठेवून यायचं, हा नियम. सोपं नाही हो! पहिल्या मंगळवारी कोणी पदराच्या घड्या घालत होतं, कोणी सतरंजीचे दोरे ओढत होतं. मी माझे हात मांडीवर उताणे ठेवले. थोड्या वेळानं शेजारच्या मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच आपलेही ठेवले. बारा वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांचे तळहात बघितले.