रोजच्या लांब पल्ल्यासाठी जुनी मोटार निवडताना

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शेतकऱ्याच्या घरची मोटार आता केवळ लग्नकार्यापुरती आणि देवदर्शनापुरती राहिलेली नाही. कोणाला फुलांचे किंवा भाजीपाल्याचे चार क्रेट घेऊन पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोहोचावे लागते. कोणाच्या घरातील मुलगा शेती सांभाळून रांजणगाव, सणसवाडी किंवा कुरकुंभच्या कारखान्यात रोज ये-जा करतो. कोणी दूध संकलन पाहतो, तर कोणी खते-औषधांच्या विक्रीसाठी गावोगाव फिरतो. अशा घरात मोटार महिन्याला तीन-चार हजार किलोमीटर सहज धावते. नवी मोटार परवडत नाही म्हणून जुनी घेतली जाते. ती घेताना मात्र बहुतेक बंधू रंग, किंमत आणि मीटरवरचा आकडा या तीनच गोष्टी पाहतात. एवढ्या धावपळीसाठी हे पुरेसे नाही.

प्रथम हिशेब मांडावा

दौंडहून पुण्याचे मार्केट यार्ड साधारण ८० कि.मी. धरले, तर जाऊन-येऊन १६० कि.मी. होतात. महिन्यात २५ फेऱ्या म्हणजे ४,००० कि.मी. आणि वर्षाला ४८,००० कि.मी. घरगुती वापराची मोटार एवढे अंतर कापायला चार-पाच वर्षे घेते. म्हणून शेजाऱ्याने अमुक गाडी घेतली आणि ती उत्तम चालली, एवढ्यावर आपण निर्णय घेऊ नये. शेजाऱ्याची गाडी आठवड्यातून एकदा बाहेर निघत असेल.

आता इंधनाचा खर्च पाहू. हिशेबासाठी पेट्रोल १०५ रुपये लिटर, डिझेल ९१ रुपये लिटर आणि सीएनजी ९० रुपये किलो धरला आहे. आपल्या पंपावरील त्या दिवसाचा दर घालून हाच हिशेब पुन्हा करावा. पेट्रोल मोटारीचे अॅव्हरेज १६ धरल्यास वर्षाला ३,००० लिटर म्हणजे ३,१५,००० रुपये लागतात. डिझेल मोटारीचे अॅव्हरेज २० धरल्यास २,४०० लिटर, म्हणजे २,१८,४०० रुपये. सीएनजीवर किलोला २४ कि.मी. मिळाल्यास २,००० किलो, म्हणजे १,८०,००० रुपये.

याच्या शेजारी मोटारीची घट मांडून पाहावी. चार लाखांना घेतलेली मोटार चार वर्षांनी एक लाख वीस हजारांना विकली, तर घट २,८०,००० रुपयांची झाली. तेवढ्या काळात ती १,९२,००० कि.मी. धावली, म्हणजे कि.मी.ला सुमारे दीड रुपया घट. पेट्रोलचा खर्च मात्र कि.मी.ला साडेसहा रुपयांच्या पुढे जातो. खरेदीच्या वेळी वीस-पंचवीस हजारांसाठी आपण दोन दिवस घासाघीस करतो, पण इंधनाची निवड चुकली तर तेवढी रक्कम तीन महिन्यांत पंपावर जाते. म्हणून इंजिन कोणते हे आधी ठरवावे आणि किंमत नंतर पाहावी.

डिझेल की सीएनजी?

वरील आकडे पाहिल्यास सीएनजी सर्वांत स्वस्त दिसतो. त्याच्या दोन अडचणी आहेत. एक म्हणजे डिकीतील जागा टाकीत जाते. क्रेट न्यायचे असतील तर ही मोठीच अडचण आहे. दुसरी अडचण रांगेची. लहान मोटारीच्या टाकीत साधारण आठ-नऊ किलो गॅस बसतो, त्यात दोनशे कि.मी. होतात. म्हणजे आपल्याला जवळजवळ रोज भरावा लागणार. रोज अर्धा तास रांगेत गेला, तर महिन्याला बारा तासांहून अधिक वेळ जातो. ज्याच्या मार्गावर पहाटे मोकळा मिळणारा पंप आहे, त्याने सीएनजी निःसंकोच घ्यावा. इतरांनी आपल्या तासाची किंमत धरूनच ठरवावे.

सीएनजी घ्यायचा तर कंपनीने बसवलेलाच घ्यावा. बाहेरून बसवलेला असेल, तर त्याची नोंद आरसी बुकात आणि विमा पत्रात दोन्हीकडे असली पाहिजे. टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. तिची तारीख टाकीवरील पट्टीवर किंवा प्रमाणपत्रावर पाहावी.

डिझेल मोटारी आता जुन्या बाजारातही कमी होत चालल्या आहेत. एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या. त्यामुळे स्विफ्ट किंवा डिझायर डिझेलमध्ये पाहिजे असेल तर ती २०२० पर्यंतचीच मिळते. त्यांतील अनेक मोटारींत असलेले १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन मूळ फियाटचे. हे इंजिन आपल्या शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या कारखान्यातही तयार होत असे आणि टाटांच्या काही मोटारींतही बसवले गेले. त्यामुळे त्याची नस माहीत असलेले मेस्त्री आपल्या भागात मिळणे अवघड नाही. लांब पल्ल्यासाठी मोटार निवडताना हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ज्या गाडीचा सुटा भाग आणायला पुण्याला माणूस पाठवावा लागतो, ती कितीही आरामशीर असली तरी बाजाराच्या दिवशी उपयोगाची नाही.

बीएस-६ डिझेल मोटारीत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी गावातल्या गावात फिरली तर ती तुंबते, महामार्गावर एका वेगाने बराच वेळ चालली की आतली काजळी जळून साफ होते. म्हणजे रोज पुण्याला जाणाऱ्याला ही गाळणी त्रास देत नाही. मात्र आधीच्या मालकाने ती गाडी फक्त शहरात चालवली असेल, तर गाळणीची तपासणी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्यावी.

मोठे कुटुंब आणि माणसांची सतत ने-आण असेल तर टोयोटा इनोव्हा हा जुना भरवशाचा पर्याय आहे. तिची २.५ लिटरची डिझेल इंजिने लाखो कि.मी. चाललेली आपण टॅक्सीत पाहतो. पण या इंजिनाला टायमिंगचा पट्टा असतो. तो ठरावीक अंतराला बदलला नाही आणि तुटला, तर इंजिनाचे मोठे नुकसान होते. पट्टा केव्हा बदलला याची पावती नसेल, तर गाडी घेतल्या आठवड्यात तो बदलून टाकावा.

पेट्रोल मोटार महिन्याला हजार-दीड हजार कि.मी. चालणार असेल तरच परवडते. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्यात आपल्याच उसाचा वाटा आहे ही आनंदाची गोष्ट, पण एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक मोटारी या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्यांचे अॅव्हरेज थोडे घटते आणि इंधनाच्या रबरी नळ्यांकडे लक्ष ठेवावे लागते.

बसणाऱ्याची कंबर

आरामाचा विचार करताना आपण मागे किती माणसे बसतील हे पाहतो. रोज तीन-चार तास गाडीत काढायचे आहेत ते मात्र चालवणाऱ्याला. म्हणून जो गाडी चालवणार आहे त्यानेच ती निवडावी. चालकाच्या जागेवर किमान अर्धा तास बसून पाहावे. मांडीला गुडघ्यापर्यंत आधार मिळतो का, क्लच पूर्ण दाबताना कंबर सीटवरून सरकते का, सीट वर-खाली होते का, हे तपासावे. सीटचा फोम एका बाजूला दबलेला असेल तर तो बदलण्याचा खर्च धरावा. क्लच जड असेल तर नगर रस्त्यावर वाघोलीच्या गर्दीत डावा गुडघा संध्याकाळपर्यंत ठणकतो.

उंच गाडी शेतरस्त्याला बरी, पण महामार्गावर ती वळणावर जास्त कलते आणि वाऱ्याने हलते. शेतरस्ता दोन फर्लांगांचा आणि डांबरी रस्ता ८० कि.मी.चा असेल, तर निवड डांबरी रस्त्यासाठी करावी. आमच्या मते मध्यम आकाराची, डिकी असलेली मोटार या कामाला सर्वांत योग्य ठरते.

सुरक्षिततेत काटकसर करू नये. ऊस हंगामात पाटस, केडगाव, न्हावरे या बाजूला रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. अचानक ब्रेक दाबावा लागला तर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा गाडीत असलीच पाहिजे. ती एप्रिल २०१९ पासून आणि चालकासमोरील एअरबॅग जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. शक्यतो त्यानंतर तयार झालेली मोटार घ्यावी. पुढच्या दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्या असतील, तर त्या घासून घ्याव्यात किंवा बदलाव्यात.

मीटरवर विश्वास ठेवू नये

बैल घेताना आपण मालकाने सांगितलेले वय मानत नाही, दात पाहतो. मोटारीचेही दात असतात. मीटर ४५,००० दाखवत असेल आणि क्लच-ब्रेकच्या पायपट्ट्यांचे रबर गुळगुळीत झाले असेल, स्टिअरिंग हाताने चकचकीत झाले असेल, चालकाच्या सीटची दाराकडची कड फाटली असेल, तर मीटर मागे घेतले आहे असे समजावे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. २०२१ च्या गाडीला २०१९ चे टायर असतील तर विचारणा करावी. सर्वांत खात्रीचा पुरावा म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधील नोंद. विकणाऱ्याला सोबत घेऊन ती मागावी. जो येण्यास टाळाटाळ करतो त्याची गाडी सोडून द्यावी.

जास्त चाललेली गाडी नेहमीच वाईट असे मात्र नाही. महामार्गावर एक लाख कि.मी. चाललेल्या मोटारीचे क्लच, ब्रेक आणि गिअर शहरात चाळीस हजार चाललेल्या मोटारीपेक्षा बरेचदा चांगले असतात. नोंदी पूर्ण असलेली लाखाच्या आसपासची गाडी, नोंद नसलेल्या तीस हजारांच्या गाडीपेक्षा आम्ही पसंत करू.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि आपण जाण्यापूर्वी ती सुरू करू नका असे सांगून ठेवावे. थंड इंजिन एका झटक्यात सुरू झाले पाहिजे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा थर दिसल्यास पाणी ऑइलमध्ये मिसळत असण्याचा संभव असतो. इंजिन चालू असताना झाकण काढल्यावर जोराने वाफारा येत असेल, तर रिंगा झिजलेल्या आहेत. अपघाताच्या खुणा बॉनेटखाली, रेडिएटरच्या पट्टीच्या वेल्डिंगवर आणि दारांच्या रबराखाली शोधाव्यात. पुरात बुडालेली गाडी वरून धुऊन चकचकीत करतात. सीटच्या रुळांतील बारीक गाळ, सीटखालील बोल्टांचा गंज आणि गालिच्याचा कुबट वास मात्र जात नाही. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात अनेक मोटारी पाण्याखाली गेल्या होत्या, हे लक्षात ठेवावे.

त्यानंतर गाडी स्वतः चालवावी. गल्लीतील एक फेरी पुरेशी नाही. शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्यापर्यंत न्यावी आणि तेथून सोलापूर रस्त्याला लागावे. खडबडीत तुकड्यावर खालून खडखडाट येतो का, ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरते का, एसी चालू ठेवून तापमानाचा काटा चढतो का, हे याच फेरीत कळते. आपल्या ओळखीचा मेस्त्री बरोबर न्यावा. त्याची दिवसाची मजुरी देणे जड वाटू नये.

कागदपत्रे

चेसिस आणि इंजिन क्रमांक आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहावेत. बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये, विसारापुरतीच द्यावी. मालकी बदलासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. खरेदीदाराने तीस दिवसांच्या आत अर्ज करावयाचा असतो. दौंडच्या बंधूंना यासाठी बारामतीचे एमएच-४२ कार्यालय आहे. थकलेले ई-चलन आधी भरून घ्यावे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरपट्टी बसवली आहे का पाहावे.

केवळ स्टँप पेपरवर व्यवहार करून गाडी वर्षानुवर्षे जुन्या मालकाच्या नावावर चालवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर राहते. त्यामुळे नाव बदलण्यात विकणाऱ्याचाही फायदा आहे. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. नाहीतर आपल्याच गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जातो. जुन्या मालकाची दावा न केल्याबद्दलची सवलत आपल्याला मिळत नाही, ती त्याच्याकडेच राहते. त्यामुळे हप्ता वाढेल हे धरून चालावे.

दिल्ली परिसरातील दहा वर्षांच्या पुढील डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने निर्बंध आणले. तेव्हापासून तिकडच्या स्वस्त गाड्या आपल्याकडे येऊ लागल्या. परराज्यातील गाडीला तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. तो मिळवल्यावर स्वस्ताई फारशी उरत नाही. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते आणि हरित कर द्यावा लागतो. रोज १६० कि.मी. चालवणाऱ्याने दहा वर्षांपुढची मोटार घेऊच नये.

घेतल्यानंतर

किमतीच्या दहा ते पंधरा टक्के रक्कम पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवूनच सौदा करावा. चार लाखांच्या गाडीला ही रक्कम चाळीस ते साठ हजार होते. तिच्यातून इंजिन ऑइल, कूलंट, सर्व गाळण्या, पट्टे आणि ब्रेक पॅड प्रथम बदलावेत. टायर पाच-सहा वर्षांचे असतील तर जाळी दिसत नसली तरी बदलावेत.

सर्व्हिसिंगचा हिशेब महिन्यांवर ठेवू नये. ट्रॅक्टरचे आपण तास मोजतो, तसे येथे किलोमीटर मोजावेत. दहा हजारांना ऑइल बदलायचे असेल तर आपल्या धावेला ते दर अडीच महिन्यांनी येते, वर्षातून एकदा नव्हे. डॅशबोर्डवर तारीख आणि आकडा लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ठेवावी. टायरमधील हवा दर आठवड्याला, टायर थंड असताना तपासावी. जुन्या मालकाचा फास्टॅग काढून स्वतःचा लावण्यास विसरू नये, नाहीतर टोलचे पैसे त्याच्या खात्यातून जात राहतात आणि तो फास्टॅग बंद करतो तेव्हा आपण टोल नाक्याच्या रांगेत अडकतो.