दारू सोडणाऱ्याला सोबती कोण?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो बांधवांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली सतरावी दारू न पिण्याची. पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. विहारात ते म्हटले जाते तेव्हा मागच्या रांगेतला एखादा माणूस मान खाली घालतो. पुढच्या वंदनेला तो येतच नाही. तो कुठे गेला, याची चौकशी कोण करतो?

प्रतिज्ञा हा समाजाचा निर्धार आहे. पण व्यसनात बुडालेल्या माणसाच्या पाठीवर तिचा चाबूक ओढला, की तो विहारापासून तुटतो आणि गुत्त्यावर पक्का होतो. दारूचे व्यसन हा आजार आहे, हे वैद्यकशास्त्र मानते. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करवून घेतलेला अहवाल २०१९ साली आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला उपचार वा मदत मिळाल्याचे त्यात दिसते. उरलेल्या ३७ जणांचे काय? त्यांच्या वाट्याला शिव्या, शपथा आणि अंगारे येतात.

अशा माणसाला दुसऱ्या अशाच माणसाची सोबत औषधासारखी लागू पडते. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन भेटले. दोघेही दारूने पोळलेले. एकमेकांशी मोकळे बोलून दोघेही सावरले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे ए.ए. उभी राहिली. भारतात ती १९५७ साली आली. तिथे फी नाही, उपदेश नाही, नाव बाहेर जात नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास, सुमारे साडेदहा हजार माणसे तपासली. ए.ए.च्या वाटेवर नेणाऱ्या उपचारांत वर्षानंतर ४२ टक्के लोक पूर्ण दारूमुक्त होते, इतर उपचारांत ३५ टक्के.

आमच्या वाचकाला इथे एक प्रश्न पडेल. ए.ए.च्या बारापैकी सहा पायऱ्यांत देव किंवा श्रेष्ठ शक्ती येते. देव नाकारलेल्या बौद्धाने तिथे बसायचे कसे? आमचे म्हणणे असे, की जवळ बैठक असेल तर जरूर बसावे. देव मानणे ही तिथली अट नाही. शिकागोत १९७५ सालीच निरीश्वरवाद्यांनी ए.ए.चा वेगळा गट काढला. २०१९ साली अमेरिकेत ‘रिकव्हरी धर्म’ ही चळवळ उभी राहिली. ती चार आर्यसत्ये आणि अष्टांगिक मार्गावरच चालते. तथागतांनी तर आनंदाला कल्याणमित्रतेचे मोल फार मोठे सांगितले होते. ज्याची जमीन, त्यालाच विहीर खणायला बाहेरून माणूस का लागावा?

आता साकोली तालुक्यातले एकोडी घ्या. बैठका नागपुरात भरतात, पण नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून दर आठवड्याला तिकडे कोण जाईल? मोहाची दारू मात्र हाकेच्या अंतरावर मिळते. म्हणून गट गावातच हवा. ए.ए.च्या परंपरेनुसार दोन-तीन माणसे जमली तरी गट होतो. विहाराची किंवा समाजमंदिराची खोली, आठवड्याचा एक ठरलेला वार, एक सतरंजी आणि चहा, एवढेच भांडवल लागते. आत भाषण नको, पुढारी नको, हजेरी नको. प्रत्येकाने आपलेच सांगावे, दुसऱ्याचे ऐकावे, ऐकलेले बाहेर नेऊ नये. लहान गावात सगळेच एकमेकांना ओळखतात, म्हणून हा शेवटचा नियम सर्वांत कडक पाळावा. कोणी घसरला तर दार बंद करू नये.

एक धोका मात्र ध्यानात ठेवावा. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी सरकारी रुग्णालयात डॉक्टरांना दाखवावे, मग गट. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६.

आणि घरातल्या बाईचे काय? मार तिने खाल्ला, चूल तिने पेटती ठेवली. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली उभारलेल्या मुक्तांगणने पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला. गावातल्या महिला मंडळांनी तसा वेगळा गट काढावा. दुकान बंद करण्यासाठी आडव्या बाटलीचे मतदान हे त्यांचे हत्यार आहेच. पण बाटली आडवी झाली तरी नवरा उभा राहायला सोबत लागतेच.

राज्यघटनेचे ४७ वे कलम सरकारला दारूबंदीची दिशा दाखवते. सरकार मात्र दारूच्या महसुलावर डोळा ठेवून असते. त्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले, तेव्हा याच जिल्ह्यातली वस्ती न् वस्ती त्यांच्यासाठी जागी झाली होती. त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक विहार समितीने यंदा एक ठराव करावा : आठवड्यातली एक संध्याकाळ त्या मागच्या रांगेतल्या माणसासाठी. किल्ली त्याच्याच हाती द्यावी.