कर्जाची दारं किती?

मुलांनो, आठवडी बाजारात कांद्याचं एकच दुकान असेल, तर भाव कोण ठरवणार? अर्थात दुकानदार! कर्जाचंही तसंच असतं बरं का.

बारामती तालुक्यातलं सुपे गाव घ्या. पूर्वी इथल्या शेतकऱ्याला बी-बियाणं, बैल, लग्नकार्य, कशालाही पैसे लागले की सावकाराचं दार गाठावं लागे. व्याज तो सांगेल ते. कर्ज थकलं की जमीन जायची! अखेर १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सुप्यातल्या सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला.

पुढे दुसरं दार उघडलं, ते सहकाराचं. पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक १९१७ साली निघाली. ही बँक गावच्या विकास सोसायटीला पैसे देते आणि सोसायटी सभासदाला पीककर्ज देते. ऊस कारखान्याला गेला, की बिलातून कर्ज वळतं होतं. बारामती-इंदापूरच्या हिरव्यागार उसामागं ही साखळी आहे.

तिसरं दार सरकारी बँकांचं. १९ जुलै १९६९ रोजी सरकारनं १४ मोठ्या बँका ताब्यात घेतल्या. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यांतलीच. १९८० मध्ये आणखी ६ आल्या. मग खेडोपाडी शाखा निघाल्या. आज नियमच आहे : बँकेनं दिलेल्या दर १०० रुपयांतले ४० रुपये शेती, छोटे उद्योग, शिक्षण, घरं अशा गरजांसाठी हवेत; त्यांतले १८ शेतीला.

पण इथं एक गंमत आहे. २०१७ साली सरकारी बँका २७ होत्या. एकमेकींत विलीन होत होत २०२० मध्ये त्या १२ उरल्या. मोठी बँक मोठा तोटा सोसू शकते, हे खरं. पण दोन बँकांची एक झाली, की दोन दारांचंही एकच होतं! एकीनं 'नाही' म्हटलं, तर दुसरीकडे जायची सोय कमी होते. सगळीकडे नकार मिळाला, तर माणूस पुन्हा सावकाराकडेच वळणार ना?

अर्थात बँक देते ते पैसे आजी-आजोबांसारख्या ठेवीदारांचे असतात. म्हणून कर्ज विचार करूनच द्यायचं आणि वेळेवर फेडायचं.

आता एक करा. घरातलं जुनं पासबुक काढा. त्यावरच्या बँकेचं नाव आज तेच आहे का? आणि तुमच्या गावात कर्जाची दारं किती आहेत, तेही आई-बाबांबरोबर मोजा बघू!