दत्तक आणलेलं कुत्रं सुटून गेलं, संस्था म्हणते 'परत द्या'; मग मालक कोण?

तलासरी : 'पिल्लाला घर हवं आहे' अशी पोस्ट मुंबईत, विरारला नाहीतर वापीत कुणीतरी टाकतं आणि तासाभरात ती झरीच्या पाड्यावरच्या फोनवर येऊन पडते. फोटो बघून पोरं हट्ट धरतात, वाडी राखायला कुत्रं लागतंच, शिवाय फुकट मिळतंय. फॉर्म भरला, आधारची झेरॉक्स दिली, सही केली, कुत्रं घरी आलं. भांडण सुरू होतं ते नंतर, कुत्रं सुटून गेल्यावर.

समजा झरीतल्या एका घराने असं कुत्रं आणलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या लग्नात डीजे वाजला, कुत्रं बिथरलं, दोरी तोडून पळालं. दोन दिवसांनी ते संजाणच्या बाजूला कुणाला तरी सापडलं. त्याने फोटो टाकला, फोटो फिरत फिरत संस्थेकडे गेला. संस्थेचे लोक गाडी घेऊन आले, कुत्रं घेऊन गेले आणि फोनवर म्हणाले, 'तुम्ही करार मोडलात, आता मिळणार नाही.' घरचा माणूस म्हणतो, कुत्रं माझं. संस्था म्हणते, आमचं. खरं कुणाचं?

'सुटलं' या शब्दाचे दोन अर्थ

या भांडणाचं मूळ बऱ्याचदा कायद्यात नसतं, ते एका शब्दात असतं. पाड्यावर कुत्रं बांधलेलं नसतं. सकाळी शेळ्यांमागे जातं, दुपारी कुणाच्याही ओट्यावर पडतं, रात्री भाकरीला घरी येतं. चार तास दिसलं नाही म्हणून कुणी शोधायला निघत नाही. गावाला माहीत असतं की हे अमक्याचं कुत्रं.

शहरातल्या फॉर्मवर मात्र पट्ट्याशिवाय दाराबाहेर गेलेलं कुत्रं म्हणजे 'पळालेलं' कुत्रं. अशा फॉर्मवर साधारण ठरलेल्या अटी असतात. साखळीने सतत बांधायचं नाही, मोकळंही सोडायचं नाही, नसबंदी आणि लस वेळेवर करायची, दुसऱ्याला द्यायचं नाही, हरवलं तर लगेच कळवायचं, संस्थेचा माणूस कधीही बघायला येईल आणि अट मोडली तर कुत्रं परत घेतलं जाईल. बांधायचंही नाही आणि सोडायचंही नाही, हे ज्या घराला कुंपणच नाही त्या घराने कसं करायचं, हे फॉर्मवर लिहिलेलं नसतं.

संस्थांचं म्हणणंही उगाच नाही. नवीन जागी आणलेल्या कुत्र्याला सुरुवातीचे दिवस ना घर ओळखीचं असतं, ना माणसं. त्या दिवसांत सुटलं तर ते परत येत नाही, लांब लांब पळत राहतं. गावच्या कुत्र्याला तलासरीजवळचा महामार्ग कुठे ओलांडायचा ते कळतं, विरारहून काल आलेल्याला कळत नाही. शिवाय फार्महाऊसला राखण म्हणून कुत्रं न्यायचं आणि आठवडाभर रिकाम्या गेटला बांधून ठेवायचं, हे प्रकार प्राणिमित्रांना नवे नाहीत. म्हणून अटी कडक होत गेल्या. पण शहरातल्या फ्लॅटसाठी छापलेला कागद पाड्यावरच्या माणसापुढे ठेवून फक्त सहीची जागा दाखवायची, ही चूक संस्थेचीच.

कायद्यात कुत्र्याचं 'दत्तक' नाही

दत्तकाचा कायदा माणसाच्या मुलांसाठी आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चा आहे आणि त्यात कुत्र्यामांजराचा संबंध नाही. पाळीव जनावर कायद्याच्या हिशेबात जंगम मालमत्ता, म्हणजे सायकल किंवा शेळीसारखी हलवता येणारी वस्तू. वाचायला बरं वाटत नाही, पण मालकीचा प्रश्न आला की न्यायालय तिथूनच सुरुवात करतं. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या जल्लीकट्टू निकालात प्राण्यांच्या जगण्याला मान दिला, तरी त्याने कुत्र्याचा सातबारा बदललेला नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा की संस्थेने कुत्रं दिलं ते कोणत्या नात्याने. फॉर्मवर 'फॉस्टर', 'ट्रायल' किंवा 'तात्पुरता सांभाळ' असं लिहिलं असेल तर कुत्रं संस्थेचंच आहे, घर फक्त सांभाळतंय. संस्थेने मागितलं की द्यावं लागतं. 'अडॉप्शन' पूर्ण झालं असेल, कायमचं दिलं असेल, तर ते दानासारखं झालं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम १२६ प्रमाणे, देणाऱ्याच्या मनात आलं म्हणून दिलेलं दान परत घेता येत नाही. पण अमुक घटना घडली तर दान रद्द, असं दोघांनी आधीच ठरवलं असेल आणि ती घटना घडवणं देणाऱ्याच्या मर्जीवर नसेल, तर ती अट चालते. 'संस्थेला वाटेल तेव्हा परत घेऊ' ही अट त्यामुळे लंगडी आहे. 'नसबंदी केली नाही तर परत' ही अट जास्त भक्कम.

'सुटून गेलं तर परत' ही अट या दोन्हींच्या मधली. विजेच्या कडकडाटाने कुत्रं पळालं, घरच्यांनी त्याच दिवशी फोन केला, शोधाशोध केली, तर हलगर्जी झाली असं म्हणणं अवघड. चार दिवस लपवून ठेवलं आणि संस्थेने विचारल्यावर 'आहे ना, मजेत आहे' असं सांगितलं, तर माणूस स्वतःच आपली बाजू पाडतो. लपवाछपवीइतकं नुकसान दुसरं काही करत नाही.

आणखी एक गोष्ट घरोघरी होते. फोन मुलाच्या हातात, म्हणून फॉर्मही मुलगाच भरतो. मुलगा १८ वर्षांचा नसेल तर त्याने केलेला करार कायद्याने करारच नाही. मग संस्थेच्या अटी टिकत नाहीत हे खरं, पण कुत्रं आपल्याला दिल्याचा कागदही तितकाच पोकळ ठरतो.

फॉर्मवर 'अट मोडल्यास पंचवीस हजार दंड' असा आकडा असला तरी तो तसाच्या तसा वसूल होत नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार न्यायालय वाजवी भरपाई ठरवतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. त्यामुळे फोनवर कुणी दरडावून गुगल पे करायला सांगितलं तर लगेच पैसे पाठवायची गरज नाही.

येऊन उचलून नेता येतं का?

नाही. मालकीवर वाद आहे आणि कुत्रं घराच्या ताब्यात आहे, तर संस्थेच्या कार्यकर्त्याला आवारात शिरून ते सोडवून नेता येत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० च्या कलम ३४ प्रमाणे गुन्ह्याचा संशय असेल तर जनावर जप्त करता येतं, पण ते शिपायाच्या वरच्या दर्जाच्या पोलिसाला किंवा राज्य सरकारने अधिकार दिलेल्या माणसाला. संस्थेचं ओळखपत्र म्हणजे तो अधिकार नव्हे. मालकी कायमची काढून घेण्याचा हुकूम कलम २९ खाली न्यायालय देतं, तेही मालक दोषी ठरल्यावर.

मग कुत्रं सुटणं हा गुन्हा आहे का? नुसतं सुटणं नाही. कलम ११ मध्ये जनावर उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणं, पुरेसं अन्नपाणी न देणं, फार आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हे गुन्हे आहेत. पहिल्या वेळेचा दंड आजही १० ते ५० रुपये. हा आकडा हास्यास्पद आहे, पण प्रकरण पोलिसांत जातं, तारखा पडतात आणि आपली रोजची मजुरी बुडते. सुटलेलं कुत्रं कुणाला चावलं आणि मालकाने काळजी घेतली नव्हती असं दिसलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागू शकतं. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड आहे.

वरच्या उदाहरणात मात्र एक फरक आहे. कुत्रं घरातून नेलेलं नाही, ते तिसऱ्याला सापडलं. सापडलेल्या वस्तूचा नियम असा की जो ताब्यात घेतो त्याने ती नीट जपायची आणि मालकाला द्यायची. खाणं, औषध यावर त्याने केलेला खर्च मिळेपर्यंत तो ती अडवून ठेवू शकतो, हे करार कायद्याच्या कलम १६८ मध्ये आहे. मालक माहीत असूनही देत नसेल तर गोष्ट अपहाराकडे जाते. म्हणून संजाणला ज्याला कुत्रं सापडलं त्याच्याकडे आधी पोहोचणं, त्याचा खर्च देणं आणि चिठ्ठीवर लिहून घेणं, यात निम्मं भांडण मिटतं.

दोन घटना, दोन उत्तरं

मध्य प्रदेशातल्या होशंगाबादमध्ये, म्हणजे आताच्या नर्मदापुरममध्ये, २०२० साली एका काळ्या लॅब्राडॉरवर दोघांनी हक्क सांगितला. एक पत्रकार म्हणत होता की हा माझा हरवलेला कोको. विद्यार्थी संघटनेचा एक नेता म्हणत होता की हा माझा टायगर. पोलिसांनी शेवटी कुत्र्याचं रक्त काढलं आणि पचमढीतल्या त्याच्या बापाच्या नमुन्याशी डीएनए जुळवला. काही महिन्यांनी अहवाल आला आणि कुत्रं पत्रकाराला मिळालं. पत्रकाराला त्या कुत्र्याचा बाप कोण हे दाखवता आलं म्हणून हे जमलं. रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाचा बाप कोण दाखवणार? तिथे कागद आणि फोटोच कामाला येतात.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात १९९७ साली एक कुत्रं बांधल्या जागेवरून सुटलं. ते सापडल्यावर गावात नोटिसा लागल्या, कुणी आलं नाही म्हणून ते प्राणी संस्थेकडे गेलं. मालकांनी साधारण महिन्याने संस्थेशी संपर्क केला. संस्था म्हणाली, दत्तक घ्यायचा अर्ज करा. अर्ज केला, तो नाकारला. मालक न्यायालयात गेले आणि १९९९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात हरले. तो कायदा इथे लागू नाही, तिथल्या गावांचे नियमही वेगळे. पण शोधायला उशीर केला की आपलंच कुत्रं परत मागायला अर्ज करावा लागतो, हे तिथेही झालं.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात आदेश देताना, लोकांना पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरची कुत्री दत्तक घेता येतील असं सांगितलं. दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याचीच, असंही त्यात आहे. हा आदेश पालिकेकडून घेतलेल्या कुत्र्यांबद्दल आहे, पण संस्था आता वादात याचाच हवाला देणार हे धरून चालावं.

सुटलं तर त्या दिवशी काय करायचं

कुत्रं गेल्याचं लक्षात आलं की संस्थेला फोन करा आणि लगेच व्हॉट्सअॅपवरही लिहा, कारण फोनचा पुरावा राहत नाही, मेसेजचा राहतो. सोबत कुत्र्याचा फोटो, कुठून आणि किती वाजता गेलं ते टाका. पोलीस ठाण्यात हरवल्याचा साधा अर्ज देऊन पोच घ्या. आपला भाग सीमेवरचा आहे, अच्छाडच्या पुढे गुजरात सुरू होतं. म्हणून गावच्या ग्रुपवर मराठीत टाकलेला मेसेज पुरेसा नाही. उंबरगाव, संजाण, वापीकडच्या ग्रुपवर गुजरातीतही टाका. आठवडे बाजारात, रिक्षावाल्यांना आणि दूधवाल्याला फोटो दाखवा. बिथरलेल्या कुत्र्यामागे पोरांना धावायला लावू नका, ते आणखी लांब पळतं. रोजचं जेवणाचं भांडं आणि घरच्याचा वापरलेला कपडा सुटल्या जागी ठेवला तर रात्री शांत झाल्यावर परत येण्याची शक्यता असते. शोधताना कुणाला ते चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. दत्तक आणलेलं आहे, टोचलेलं असेल, असं म्हणत थांबू नका.

चिपबद्दल एक गैरसमज आहे. काही संस्था कुत्र्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप घालून देतात. कुत्रं कुठे आहे हे त्यावरून मोबाईलवर दिसत नाही. चिपमध्ये फक्त १५ अंकी नंबर असतो आणि तो जवळ मशीन धरल्यावरच वाचता येतो. महत्त्वाचं हे की तो नंबर कुणाच्या नावावर नोंदवलाय. संस्थेच्या नावावर असेल तर सापडलेल्या कुत्र्याचा फोन संस्थेलाच जाणार. आणतानाच नाव बदलून घ्या. लसीचं कार्डही आपल्या नावाने करा. गळ्यात पट्टा आणि त्यावर रंगाने लिहिलेला मोबाईल नंबर, हे चिपपेक्षा स्वस्त आणि पाड्यावर जास्त कामाचं.

फॉर्मची प्रत मागून घ्या, मराठीत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. 'आमच्याकडे कुंपण नाही, दिवसा कुत्रं मोकळं असतं' हे आधीच स्पष्ट बोला आणि तसं फॉर्मवर लिहून घ्या. यावर संस्थेने कुत्रं दिलं नाही तर नाही, पण दिलं तर पुढे त्याच कारणाने परत मागता येणं कठीण. संस्थेने तुमचं आधार किंवा नंबर बदनामीसाठी ग्रुपवर टाकला तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, ती वेगळी तक्रार होते. तुमच्याकडूनही शिव्यांचे व्हॉइस मेसेज जायला नकोत, तेही पुरावाच असतात.

नोटीस आली किंवा कुत्रं मिळवण्यासाठी दावा करायची वेळ आली, तर वकिलाच्या फीची धास्ती घेऊन घरी बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही महिलेला, उत्पन्न कितीही असलं तरी, वकील मोफत मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन करायचा. जाताना फॉर्मची प्रत, लसीचं कार्ड, कुत्र्याचे घरातले फोटो आणि सुटल्या दिवशी संस्थेला केलेला मेसेज सोबत न्यायचा.