खांद्यावरची सायकल

मैत्रिणींनो, सायकल खांद्यावर टाकून चिखलातून पळायचं, अशी एक शर्यत असते हे ठाऊक आहे का तुम्हाला? तिचं नाव सायक्लोक्रॉस. बेल्जियम, नेदरलँड्स या देशांत तर हिवाळ्यात या शर्यतींचं वेडच असतं. अडीच-तीन किलोमीटरचा फेरा गवतातून, वाळूतून, निसरड्या चढावरून जातो. मध्येच चाळीस सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या आडव्या फळ्या. तिथं आलं की उतरायचं, सायकल उचलायची, फळी ओलांडायची, पुन्हा बसायचं. नोकरी-धंदा सांभाळणारी हौशी माणसंही यात उतरतात.

भाचीच्या मोबाइलवर आम्ही हा प्रकार पाहत होतो, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "याले काय शर्यत म्हनतेत वं? आपल्या पोट्ट्या तं पान्यापावसात रोजच करतेत!"

खरंच की! आमच्या कामरगावची जमीन काळी. पावसाळ्यात शेतातल्या वस्तीवरून पांदण रस्त्यानं शाळेत येणाऱ्या मुली पाहा. गारा मडगार्डात असा गच्च बसतो की चाक फिरतच नाही. मग पऱ्हाटीच्या काडीनं तो खरवडायचा, नाहीतर सरळ सायकल उचलायची. तिकडे शर्यतीत चिखलानं भरलेली सायकल देऊन धुतलेली दुसरी घ्यायची सोय असते म्हणे! शिवाय त्यांची सायकल सात-आठ किलोंची. आपली साधी लेडीज सायकल त्याच्या दुपटीहून जड. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देण्याची योजना आली, तिच्यामुळे किती जणींची शाळा टिकली असेल!

या खेळातही बायकांना उशिरानंच जागा मिळाली बरं का. पुरुषांची जागतिक स्पर्धा 1950 साली सुरू झाली, बायकांची 2000 साली. पुढे नेदरलँड्सच्या मारियाना व्हॉसनं 2006 ते 2022 या काळात ती आठ वेळा जिंकली.

आता काळजीचं बोलू. मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली दहावीतली मुलगी सायकलवरून पडली. खांद्याजवळचं हाड मोडलं. झालं! "आता सायकल बंद," आजीनं फर्मान काढलं. "पोरीची जात, हातपाय मोडला तर लग्न कसं जमंल?" सायकल बंद म्हणजे शाळाही बंदच, कारण तिला सोडायला रोज कोण जाणार? तिची आई माझ्याकडे आली तेव्हा रडवेली झाली होती.

मी मुलीलाच विचारलं, पडलीस कशी? ती चिखलात पडलीच नव्हती. चांगल्या डांबरी रस्त्यावर तिची ओढणी मागच्या चाकात गेली होती. मला वाटतं, आपण भितो ते नेमकं चुकीच्या जागी. चिखलात माणूस पडतं खूप, पण वेग कमी, जमीन मऊ, आणि अंगावर येणारा ट्रक नसतो. डांबरी रस्त्यावर मात्र एक ओढणी, एक ढिला ब्रेक पुरतो.

आणि डोकं! 2003 साली पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव हा कझाक सायकलपटू पडला, डोक्याला मार लागून गेला. त्यानं हेल्मेट घातलं नव्हतं. त्याच वर्षी मोठ्या शर्यतींत हेल्मेट सक्तीचं झालं. शर्यतीत मुरलेल्यांची ही गत, तर आपल्या लेकी कोण लागून गेल्या? गावात हेल्मेट घातलं की पोरं हसतात, हे मलाही माहीत आहे. हसू द्या.

त्या मुलीच्या आईला मी एवढंच सांगितलं: ओढणी कमरेला गाठ मारून बांध, नाहीतर दप्तरात ठेवायला सांग. दोन्ही ब्रेक मेकॅनिककडून घट्ट करून घे. मागच्या मडगार्डावर रेडियमची पट्टी लाव, म्हणजे क्लासवरून यायला अंधार झाला तरी गाडीवाल्याला ती दिसेल. चेन-कव्हर निघालं असेल तर बसवून घे, सलवार अडकते.

हाड जुळल्यावर मुलगी पुन्हा सायकलवर बसली. आजीचं अजून पटलेलं नाही. ती संध्याकाळी ओट्यावर बसून वाट पाहते आणि उशीर झाला की सुनेला बोलते.

राहिला पांदणीचा प्रश्न. तिथं मुरूम टाकायची मागणी आम्ही बायका ग्रामसभेआधीच्या महिला सभेत मांडणार आहोत. काकूंनी तर आत्ताच सांगून ठेवलंय, सरपंचांना एक दिवस सायकल खांद्यावर घेऊन चालायला लावू.